नुकसान दोनदा होतं: मराठी संपादकांना निफाड तालुक्यातून खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या व दैनिकांचे संपादक, वृत्तसंपादक आणि हवामानाची बातमी लावणारी डेस्कवरची मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. तुमच्या बातम्या रोज बघतो, वाचतो. हिवाळ्यात जरा जास्तच, कारण आमचं वर्षाचं उत्पन्न नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत वेलीवर लटकलेलं असतं. बातमीत गावाचं नाव चुकलं, द्राक्षाच्या बातमीला डाळिंबाचा फोटो लागला, एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो. ते आम्ही हसून सोडून देतो. लिहायचं कारण रोकडं आहे. हिवाळ्यात आभाळ बिघडलं की आमचं नुकसान दोनदा होतं. एकदा पावसाने किंवा गारांनी आणि दुसऱ्यांदा त्याच्या बातमीने. या दुसऱ्या नुकसानीचा पंचनामा कोणी करत नाही, म्हणून मीच करतो.

द्राक्षाचा सौदा कसा होतो ते आधी सांगतो, मुंबई-पुण्यात बसून ते कळायला मार्ग नाही. माल तयार होत आला की व्यापारी किंवा त्याचा एजंट बागेत येतो. दोन-चार ओळी फिरतो, मधूनच एखादा मणी तोंडात टाकतो, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब पिळून गोडी बघतो, मणी बोटाने बाजूला सारून घडाच्या आतला देठ हिरवा आहे का ते पाहतो. मग किलोचा भाव ठरतो, इसार मिळाला तर मिळतो, खुड्याची, म्हणजे काढणीची, तारीख ठरते. बहुतेक सगळा व्यवहार तोंडी. त्यामुळे बाजाराची हवा जिकडे, तिकडे भाव झुकतो आणि ही हवा अलीकडे मोबाइलवरून येते.

गारपिटीच्या एका हंगामात आमच्या बागेत आलेल्या एजंटाने घडाला हात लावण्याआधी खिशातून फोन काढला आणि मला एक क्लिप दाखवली. ‘निफाडमध्ये द्राक्षबागा उद्ध्वस्त’ अशी लाल पट्टी, मागे धडाडणारं संगीत आणि जमिनीवर गारांचा पांढरा सडा. म्हणाला, “भाऊ, दिल्लीवाले हे बघून बसलेत. ते म्हणतात निफाडचा माल नको, आणि घ्यायचाच तर गारपिटीच्या भावाने घ्या.” मी म्हटलं, “अहो, ही गार आमच्या शिवारात पडलीच नाही. तुम्ही उभे आहात ना बागेत? एक तरी डाग दाखवा.” त्याने एक घड उचलून पाहिला, पुढच्या वेलीवरचा पाहिला, मान डोलावली. माल चोख आहे हे त्याला दिसत होतं. तरी भाव त्याने क्लिपचाच लावला. मी दिला नाही. आठवडाभर थांबलो, मग पुन्हा ढगाळ झालं आणि पोटात गोळा आला तेव्हा त्याच भावाच्या जरासा वर माल देऊन टाकला. व्यापाऱ्याने संधी साधली हे खरं, धंदाच आहे तो त्याचा. पण ती आयती त्याच्या हातात कोणी दिली?

त्या क्लिपमध्ये गावाचं नाव नव्हतं. तारीख नव्हती, वेळ नव्हती. कोपऱ्यात ‘सौजन्य: सोशल मीडिया’ एवढं होतं. आता तुम्हीच सांगा, सोशल मीडिया हे कुठल्या तालुक्यातलं गाव?

गार कशी पडते हे तुमच्यातल्या किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय मला माहीत नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी हवेची कमी दाबाची प्रणाली) सरकत असतो, त्याच्यामागे वरच्या थरात थंड कोरडा वारा येतो. खालच्या थरात अरबी समुद्रावरून, कधी बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलेलं असतं. दुपारी जमीन तापली की ढग आडवा पसरायच्या ऐवजी उभा वाढतो. त्यातला थेंब वर फेकला जातो, गोठतो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की पडतो. ढग पुढे सरकत असतो, म्हणून गार सहसा पट्ट्यात पडते. काही किलोमीटर लांब आणि रुंदीला त्याहून खूप कमी. नाल्याच्या अलीकडची बाग झोडपून निघते आणि पलीकडच्या बागेत पानसुद्धा फाटत नाही, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की त्याचं नवल राहिलं नाही. नाशिक जिल्ह्यात 15 तालुके आहेत. एकट्या निफाड तालुक्यात शंभरावर गावं. तुमच्या पट्टीवर मात्र जिल्हा एकच आणि त्याचं आभाळही एकच. कधीकधी तर सगळा महाराष्ट्रच ‘अवकाळीच्या तडाख्यात’ असतो. तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं राज्य, कोकणात घाम आणि विदर्भात धुकं, पण तडाखा सगळ्यांना सारखा.

2014 सारखं एखादं वर्ष असतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र असा राज्याचा फार मोठा भाग गारांनी झोडपला. तयार द्राक्षं, कापणीला आलेला गहू, हरभरा, सगळं गेलं. तेव्हा ‘महाराष्ट्र’ असं मोघम लिहिलं तरी फारसं चुकलं नसतं. पण त्याच वेळी, 5 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि बातम्यांत पिकापेक्षा दौऱ्यांना जागा मिळाली. कोणता नेता कोणत्या बांधावर उभा राहिला, कोणी बूट घालून वावरात पाय ठेवला. शेतकऱ्याचा चेहरा त्याच्या मागे, अर्धा कापलेला.

बांधावरच्या चित्रीकरणाबद्दलही थोडं बोलतो. आमच्या भावकीत एकाच्या बागेत गार पडली तेव्हा कॅमेरा घेऊन एक तरुण आला होता. पोरगा चांगला होता, चिखलात मोटारसायकल ढकलत आला होता बिचारा. त्याने भावकीतल्या त्या माणसाला तुटलेला घड हातात धरायला सांगितला. मग म्हणाला, “काका, जरा वर बघा. आभाळाकडे. हां, असंच.” काकांनी बघितलं. वर काय बघायचं होतं? ढग तर केव्हाच निघून गेला होता. नंतर काका त्याला सांगू लागले की घड गेला ते दिसतंय, पण खरी जखम काडीला, म्हणजे वेलीच्या फांदीला, आहे, बघ साल कशी सोलली गेलीय, ही काडी पुढच्या वर्षीही नीट फुटायची नाही. ते त्याने चित्रित केलं की नाही कोणास ठाऊक. बातमीत आलं नाही. बातमीत काका आभाळाकडे बघत होते आणि निवेदिका ‘बळीराजा हवालदिल’ म्हणत होती.

त्या पोराला मी दोष देत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे मिळतं काय, पेट्रोलचे पैसे कोण देतं, हे आम्ही गावात बसून ओळखून आहोत. त्याने पाठवलेल्या मजकुरात गावांची नावं असतात, वेळ असते, पुष्कळदा गट नंबरसुद्धा असतात. वर जाता जाता ती गळतात. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला आहे.

आता नुकसान दिसतं कधी, हे सांगितलं पाहिजे. गार पडली तर त्याच दिवशी दिसतं, कबूल. पण हिवाळ्यातला नुसता पाऊस आणि ढगाळ हवा यांचं तसं नसतं. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग नोव्हेंबरअखेर कुठे पोंग्यात (कोंब फुटताना), कुठे फुलोऱ्यात, कुठे मणी धरताना असते. त्या दिवसांत दोन दिवस पान ओलं राहिलं की डाऊनी नावाचा बुरशीरोग येतो. घडकूज होते, फुलोऱ्यातला घड गळतो. पण पावसाच्या दुसऱ्या दिवशी बाग कशी दिसते सांगू? धुतल्यासारखी हिरवीगार. कॅमेऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. आठ-दहा दिवसांनी घड काळे पडायला लागतात, तोवर तुमची गाडी दुसऱ्या बातमीवर गेलेली असते. माल पिकायला लागून मण्यात पाणी उतरल्यावर पाऊस झाला तर मणी तडकतात. तडकलेल्या एका मण्याने पाच मणी खराब होतात. वावर ओलं असलं तर फवारणीचा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही. हाताने फवारा, मजूर मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मजुरी. माल परदेशी जायचा असेल तर रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाचा अंश मालात राहण्याच्या, भीतीने उशिरा फवारताही येत नाही. हे सगळं नुकसान, पण त्याचं चित्र निघत नाही. औषधांच्या दुकानातलं बिल दाखवलं तर निघेल. कोणी दाखवलंय का आजवर?

26 नोव्हेंबर 2023 चा रविवार आमच्या भागातला माणूस विसरणार नाही. निफाडसह जिल्ह्याच्या बऱ्याच तालुक्यांत वादळी पाऊस आणि गारा झाल्या. त्याच दिवशी शेजारच्या गुजरातमध्ये विजा पडून वीसहून जास्त माणसं गेली. हवामान खात्याने त्या दिवसांसाठी विजांसह पावसाचा इशारा आधीच दिलेला होता. इशारा तुम्हीही दाखवला असणार, मी नाही म्हणत नाही. पण तो वेगळा लक्षात राहावा तरी कसा? हिवाळाभर दर चार दिवसांनी तुमच्याकडे ‘पुढचे 48 तास धोक्याचे’ असतात, भोंगा वाजवून. खात्याचे रंग चार आहेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हाता-पायांची हालचाल करा. तुमच्या पडद्यावर पिवळाही लाल पार्श्वभूमीवर येतो. मग खरा नारिंगी आला तरी माणूस चहाचा कप खाली ठेवत नाही.

याच खात्याचा तीन तासांपुरता अंदाजही निघतो. येत्या तीन तासांत अमुक जिल्ह्यात विजांसह पाऊस, वारा इतका, असा. आम्हाला उपयोगाचा तो. तीन तासांत खुडा थांबवता येतो, कॅरेट झाकता येतात, बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडता येतात, जनावरं झाडाखालून हलवता येतात, मजूर बायकांना घरी पाठवता येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप केलंय. ‘मेघदूत’ आहे, ‘मौसम’ आहे. पण बागेत हात चिकाने माखलेले असताना फोन कोण उघडणार? पट्टी तुमच्याकडे चोवीस तास फिरते. तिच्यावर जिल्ह्याचं नाव आणि ‘सायंकाळी सहापर्यंत’ एवढं टाकायला किती जागा लागते? त्याऐवजी तिथे कोण कोणावर भडकलं ते फिरत असतं. आकाशवाणीवर रटाळ आवाजात हवामान वाचायचे, त्यात भोंगा नव्हता, पण कुठे आणि कधीपर्यंत हे कळायचं.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हवामान अभ्यासकांना तुम्ही हवामान खात्याच्या शास्त्रज्ञाशेजारी बसवता, त्याबद्दल. शेतकरी त्यांचं ऐकतात हे खरं आहे. मीही ऐकतो. का ऐकतो? तो माणूस आमच्या भाषेत बोलतो, तारीख सांगतो, गहू काढून घ्या म्हणतो. खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ असतं, त्यात माझं शिवार येतं की नाही ते कळत नाही. ही उणीव भरून काढणं तुमचं काम होतं. तुरळक म्हणजे किती, शक्यता किती, हे खात्याच्या माणसाला विचारून सांगायचं. ते सोडून दोघांची कुस्ती लावली की प्रेक्षक मिळतात, अंदाज मिळत नाही. 2024 च्या सुरुवातीला देशातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करण्याचे आदेश निघाले. तालुक्यापुरता शेतीचा सल्ला काढणारी ही केंद्रं. किती वाहिन्यांनी त्यावर अर्धा तास दिला?

आता थंडीकडे वळतो, कारण निफाडचं नाव राज्याला माहीत झालंय ते थंडीमुळेच. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी दर हिवाळ्यात ठरलेली. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. त्याच सकाळी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात वेगळा आकडा, नाशिक शहरात तिसरा. तिघांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो आणि तुमच्यातला प्रत्येक जण आपल्याला आवडलेला आकडा ‘नाशिक’ म्हणून छापतो. शिवाय तापमापक ठेवलेला असतो लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. जमिनीलगत त्याहून गार असतं. म्हणून महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, तेव्हाही गावातल्या वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. ‘महाबळेश्वरात बर्फ’ असं दरवर्षी छापून येतं आणि दरवर्षी मुंबईहून लोक बर्फ बघायला निघतात. हॉटेलवाल्यांचं बरं चाललंय, माझी हरकत नाही. पण थंडीची लाट जाहीर करायला खात्याचा मोजूनमापून नियम आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी, नाहीतर थेट 4 अंशांपर्यंत उतरलेलं. तुमच्याकडे मात्र स्वेटर निघाले की लाट येते.

पारा चार-पाच अंशांवर आला की इकडे काय चालतं? रात्री दोन-तीनला उठायचं. बागेच्या कडेने पालापाचोळा, जुन्या काड्या, ओलसर भुसा यांच्या शेकोट्या लावायच्या. ज्वाळा नको असते, धूर हवा असतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार, ते ठिबकमधून सोडायचं म्हणजे मुळांजवळ थोडी ऊब राहते. पण त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीची असली तरच. दिवसपाळीची असली तर विहीर भरलेली असूनही नुसतं बघत बसायचं. शिवाय आमच्या पट्ट्यात बिबट्या आहे, उसातून कधी बाहेर येईल नेम नाही. म्हणून एकट्याने कोणी जात नाही. दोघं-तिघं, एकाच्या हातात बॅटरी, एकाच्या मोबाइलवर मोठ्याने गाणी. पहाटे सहाला अंगाला धुराचा वास घेऊन घरी यायचं आणि टीव्ही लावला की, ‘निफाडकर अनुभवतायत काश्मीरची मजा’. द्राक्षाच्या पानावरच्या दवाचं सुंदर दृश्य, मागे सनई. त्या गारठ्याने मण्याची फुगवण थांबलेली असते. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असं चाललं तर हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला आम्ही पिंक बेरी म्हणतो आणि व्यापारी हात लावत नाही. बाकी गव्हाला आणि हरभऱ्याला हीच थंडी मानवते, तेव्हा थंडी सरसकट वाईट असंही माझं म्हणणं नाही. कोणत्या पिकाला, कोणत्या अवस्थेत, हे सांगा. एका ओळीचं काम आहे.

हिवाळ्यातल्या पावसात आमच्याहून वाईट हाल ज्यांचे होतात ते तर तुमच्या बातमीत दिसतच नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या फडाच्या कडेला कोप्या करून राहतात. उसाचं पाचट, वर प्लास्टिकचा कागद. एका अवकाळीत आतलं धान्य, अंथरूण, चूल सगळं भिजतं. फडात चिखल झाला की गाडी शिरत नाही, तोड बंद, आणि तोड बंद म्हणजे मजुरी बंद. त्यांचा पंचनामा होत नाही, कारण त्यांच्या नावावर इथे सातबारा नाही. 2021 च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत असाच थंड पाऊस लागून राहिला, तेव्हा पुणे, नगर, नाशिक या भागांत उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. बातमी आली खरी. पण तो धनगर पुढे कुठे गेला, उरलेली मेंढरं घेऊन उन्हाळा कसा काढला, हे नंतर कुठे वाचल्याचं आठवत नाही. पाऊस थांबला की तुमचा विषय संपतो, त्यांचा तिथून सुरू होतो.

भरपाईची बातमीही अशीच अर्धवट येते. नोव्हेंबर 2023 च्या नुकसानीसाठी सरकारने 1 जानेवारी 2024 ला वाढीव दर जाहीर केले. बहुवार्षिक पिकांना, म्हणजे द्राक्षालाही, हेक्टरी 36,000 रुपये, तीन हेक्टरपर्यंत. मथळे मोठे लागले, ‘शेतकऱ्यांना दिलासा’. आता हेक्टरचं एकरात करा. एकरी साडेचौदा हजारांच्या आसपास पडतात. केंद्राच्या नेहमीच्या निकषाने, म्हणजे हेक्टरी 22,500 ने, नऊ हजारांच्या आसपास. द्राक्षाच्या एका एकराला वर्षाचा खर्च काही लाखांत जातो. आणि हे मिळायला नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. तुमच्या शहरातल्या वाचकाला वाटतं, यांना सारखे पैसे मिळतात. माझ्या पुण्याच्या मेव्हण्यालाही वाटत होतं. त्याला कागद दाखवले तेव्हा गप्प बसला.

ते पैसे हातात पडेपर्यंतचा रस्ता ही खरी बातमी आहे आणि ती महिनोन्‌महिने चालते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. एका तलाठ्याकडे गावं किती असतात बघा, म्हणजे शेवटच्या बागेत तो कधी पोचतो ते कळेल. तोपर्यंत शेतकऱ्याने सडका माल काढून टाकला तर पुरावा जातो आणि ठेवला तर रोग पसरतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पीकनोंदीत, नोंद करायची राहून गेली असेल तर अडचण. यादीत नाव आलं तर पुढे व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), तो घेऊन सेतू केंद्रात जाऊन केवायसी, अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा चक्कर. चुन्याने आणि औषधाने बोटांच्या रेषा गेलेल्या असतात हो. विम्याची आणखी वेगळी गंमत. फळपीक विमा ट्रिगरवर चालतो, म्हणजे महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्रात काय नोंदलं गेलं त्यावर. ‘महावेध’ची अशी दोन हजारांवर केंद्रं राज्यात आहेत आणि पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा ती मोजतात. गार मोजत नाहीत. त्यामुळे गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि गार पडल्यापासून 72 तासांत कळवावं लागतं. ज्या रात्री गार पडते त्या रात्री वीज गेलेली असते, मोबाइलचा टॉवर बंद असतो, आणि तास मोजायला सुरुवात झालेली असते. तुमच्या पट्टीवर त्या 72 तासांत ‘नुकसान कुठे कळवायचं’ याचा नंबर फिरवला, तर तुमच्या सगळ्या सहानुभूतीपेक्षा तो उपयोगाचा ठरेल.

बागेवर प्लास्टिकचं आच्छादन का करत नाही, असं एका चर्चेत निवेदकाने शेतकऱ्याला विचारलं होतं, जणू काही त्याला सुचलंच नव्हतं. सांगाडा, कापड, मजुरी धरून त्याचा एकरी खर्च काढा, मग बँकेत जाऊन त्यासाठी कर्ज मागा, आणि मग पुन्हा विचारा.

तुम्ही वाईट हेतूने काही करता असं माझं म्हणणं नाही. ज्या रात्री आमच्यावर गार पडते त्या रात्री तुमच्यामुळेच मंत्रालयात कोणाला तरी फोन जातो, हे मला ठाऊक आहे. पंचनाम्याचे आदेश लवकर निघतात त्यात तुमचा वाटा असतो. ‘अ‍ॅग्रोवन’सारखं शेतीचं दैनिक गावांची नावं, पिकाची अवस्था, क्षेत्र हे सगळं रोज छापतं, म्हणजे हे मराठीत करता येत नाही अशातला भाग नाही. म्हणून मागणंही साधं आहे. दृश्य दाखवाल तर गाव, तारीख आणि वेळ त्याच्यावर टाका, आणि जुनं असेल तर जुनं म्हणा. गारपिटीच्या बातमीत ज्या गावांत गार पडली नाही त्यांचाही उल्लेख करा, त्या एका वाक्यावर आमचे किलोमागे चार-पाच रुपये अवलंबून असतात. आकडा द्याल तर कुठल्या केंद्रातला ते सांगा. आणि एकदा येऊन गेलात की पुन्हा या. आठवड्याने घड बघायला, दोन महिन्यांनी यादी बघायला.

गावनिहाय याद्या तहसील कचेरीत आणि चावडीवर लागतात. ज्यांची नावं त्यात नाहीत ती माणसं शोधायलाही फार फिरावं लागत नाही, चावडीसमोरच उभी असतात. यायचं ठरलं तर फेब्रुवारीत दुपारी बारानंतर या, सकाळी खुडा चालू असतो आणि कोणाला बोलायला सवड नसते. येताना तुमच्या डेस्कवरच्या एखाद्या माणसालाही सोबत आणा. जेवणाची सोय आमच्याकडे.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक